आपल्या माणसाची बाजू मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे आणि मोठ्या माणसांचे पालक, भावंडं, शिक्षक, शेजारी जे प्रश्न सारखे विचारतात ते इथे एकत्र केलेत. कायदे आणि योजना प्रत्येक देशात वेगळ्या असतात त्यामुळे कुठला फॉर्म कुठे भरायचा ते इथे मिळणार नाही, पण बाजू कशी मांडायची आणि माणसं कशी जोडायची हे सगळीकडे बरंचसं सारखंच आहे. सगळं एका दमात वाचायची गरज नाही, आत्ता जो प्रश्न छळतोय तिथे थेट जा.

विकासात्मक अपंगत्वात नक्की कोण कोण येतं?

जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा वाढीच्या वयात सुरू होणारं आणि बहुतेकदा आयुष्यभर सोबत राहणारं अपंगत्व. वर सांगितलेले प्रकार येतात, शिवाय फ्रॅजाइल एक्स सारखे कमी ऐकलेले जनुकीय प्रकारही येतात. हा मानसिक आजार नाही, पण अशा माणसाला डिप्रेशन किंवा अँग्झायटी होऊ शकते, आणि "तो तसाच आहे" म्हणून ती कित्येकदा कोणाच्या लक्षातच येत नाही. अजून एक घोळ नेहमी होतो, सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणं अडखळतं, मान हलते, म्हणून लोक धरून चालतात की याला समजतही नसणार. बऱ्याच जणांना उत्तम समजत असतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॅराबेलोंना सेरेब्रल पाल्सी होती, पण लहानपणी निदान चुकलं, बौद्धिक अक्षमता आहे असं ठरवलं गेलं आणि त्यांची वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनची अठरा वर्षं विलोब्रुक नावाच्या, अपंग मुलांना ठेवायच्या सरकारी संस्थेत गेली. पुढे त्यांच्याबद्दल परत येईनच.

आमच्याकडून काही चुकलं म्हणून हे झालं का?

नाही. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या क्रोमोसोमची एक जास्तीची प्रत असते, हे १९५९ पासून माहीत आहे. ऑटिझममध्ये जनुकांचा वाटा मोठा आहे. एके काळी डॉक्टर लोकच आईच्या थंड वागण्यामुळे मूल ऑटिस्टिक होतं असं छातीठोक सांगायचे, ते साफ खोटं निघालं, पण त्या पिढीतल्या आयांनी ते ओझं जन्मभर वाहिलं. लसीमुळे ऑटिझम होतो या भीतीचंही तेच, १९९८ साली ज्या एका शोधनिबंधावरून ती पसरली तो छापणाऱ्या जर्नलनेच २०१० मध्ये मागे घेतला. तेव्हा घरात कोणी बोट दाखवत असेल तर त्या माणसाला हा परिच्छेद वाचायला द्या आणि तुमची ताकद पुढच्या कामाला लावा.

अॅडव्होकसी म्हणजे कोर्टकचेरी का?

कोर्ट हा त्यातला अगदी शेवटचा आणि छोटासा भाग. शाळेत शिक्षकांना सांगणं की हिला फळ्यावरचं उतरवून घ्यायला जास्त वेळ लागतो, दवाखान्यात आधीच फोन करून गर्दी नसलेली वेळ मागून घेणं, अर्ज नाकारला तर कारण लेखी मागणं, हे सगळं अॅडव्होकसीच आहे. कधी पालक करतात, कधी पगारी कार्यकर्ता, कधी ज्याचा काही नातं किंवा स्वार्थ नाही असा एखादा नागरिक एकाच माणसाच्या पाठीशी वर्षानुवर्षं उभा राहतो. आणि कधी पन्नास घरं मिळून नियमच बदलायला लावतात.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते, ज्याच्यासाठी चाललंय त्याला काय हवंय ते विचारणं. हे मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं असतं तरी कमीच पडलं असतं. कारण आपण जवळची माणसं इतकी घाईत असतो, इतकी दमलेली असतो, की त्याच्यासाठी भांडता भांडता त्याच्या वतीने सगळं ठरवूनच टाकतो.

ज्याला नीट बोलता येत नाही तो स्वतःची बाजू कशी काय मांडणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून उत्तरही लांब आहे.

आधी इतिहास. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांचे क्लब होते, तिथे बेंग्ट निर्ये नावाच्या माणसाने असा आग्रह धरला की या मुलांनी स्वतः मीटिंगा चालवाव्यात, स्वतः मतदान करावं, मागण्या स्वतः मांडाव्यात. तिथून ही कल्पना पसरत गेली. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात संस्थांमधून राहून आलेल्या लोकांनी स्वतःचं अधिवेशन भरवलं, पाचशेच्या वर लोक आले, आणि त्या तयारीतच "पीपल फर्स्ट" हे नाव ठरलं, कारण त्यांच्यातल्याच एकाचं म्हणणं होतं की मला आधी माणूस म्हणून ओळखा. आज या नावाचे गट बऱ्याच देशांत आहेत. म्हणजे "यांना जमणार नाही" हे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच खोडलं गेलंय.

आता रोजचं. बोलता येत नाही म्हणजे सांगता येत नाही असं नाही. फोटो, चित्रांची कार्डं, खुणा, टॅबलेटवर बटण दाबलं की बोलणारं अॅप, डोळ्यांनी बोट दाखवल्यासारखं बघणं, यातलं काहीही चालतं आणि दोन-तीन एकत्रही चालतात. खूप पालकांना वाटतं की कार्डं दिली तर मूल बोलायचा आळस करेल, तसं होत नाही, अभ्यासातून उलट असंच दिसलंय की बोलणं येणार असेल तर याने अडत नाही, काही मुलांना मदतच होते.

माझ्या धाकट्या भावाच्या पँटच्या लूपला एक रिंग अडकवलेली असते, त्यात हाताच्या अंगठ्याएवढी लॅमिनेट केलेली कार्डं. सुरुवातीला आम्ही त्यात पाणी, बाथरूम, बाहेर जायचंय, गाणी असली कार्डं घातली होती. सगळी मागायची. एका स्पीच थेरपिस्टने रिंग हातात घेऊन सगळी कार्डं चाळली आणि विचारलं, यात "नको" कुठाय? "थांब" कुठाय? "दुखतंय" कुठाय? तेव्हापासून त्याच्या रिंगमधलं सगळ्यात मळलेलं कार्ड "नको" चं आहे. तुमच्याकडे कार्डं असतील तर आज संध्याकाळी हे एकदा तपासाच.

विचारायची पण पद्धत असते. एका वेळी एकच प्रश्न, छोटं वाक्य, आणि मग गप्प बसायचं. आपण दोन सेकंदात प्रश्न परत विचारतो, वेगळ्या शब्दात विचारतो, आणि त्याचं जुळत आलेलं उत्तर मोडून टाकतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. दुसरं म्हणजे खूप जणांना आयुष्यभर "हो" म्हटलं की शाबासकी मिळालेली असते त्यामुळे ते कशालाही हो म्हणतात. म्हणून "तुला तिकडे राहायचंय ना?" असं विचारू नका, दोन्ही जागांचे फोटो समोर ठेवा, दुसऱ्या दिवशी फोटोंच्या बाजू बदलून परत विचारा. उत्तर तेच आलं तर ते त्याचं उत्तर.

आणि एक सावधगिरी. कोणी दुसऱ्या माणसाने हात किंवा मनगट धरून टाइप करवून घेण्याची एक पद्धत आहे, फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन म्हणतात तिला. तपासण्या केल्या तेव्हा परत परत असंच निघालं की शब्द हात धरणाऱ्याचे असतात. जगभरातल्या स्पीच थेरपीच्या मोठ्या संघटना ती वापरू नका असं सांगतात. माणसाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालणं म्हणजे त्याचा आवाज काढून घेणंच आहे.

शाळेच्या किंवा ऑफिसच्या मीटिंगला जाताना काय तयारी करायची?

एक पान. फक्त एकच. त्यावर तीन गोष्टी, त्याला काय आवडतं आणि काय चांगलं जमतं, त्याच्यासाठी काय महत्त्वाचं आहे, आणि मदत कशी केली की त्याला बरं पडतं. फाईल जाड असली की लोक फक्त निदान वाचतात. हे पान त्याच्यासोबत बसून बनवा, फोटो त्याला निवडू द्या.

एकट्याने जाऊ नका. सोबतच्या माणसाचं काम फक्त लिहून घेणं, तुम्ही बोलता बोलता लिहू शकत नाही. उठायच्या आधी विचारा की कोण काय करणार आणि कधीपर्यंत, आणि घरी आल्यावर तेच सगळं लिहून त्यांना ईमेल करा, "आजच्या मीटिंगमध्ये असं ठरलं, काही चुकलं असेल तर कळवा" एवढंच. महिनाभराने कोणी "असं ठरलंच नव्हतं" म्हणालं तर हा ईमेल कामाला येतो.

आणि त्याला सोबत न्या. समोरचा माणूस त्याच्याबद्दलचे प्रश्न तुम्हाला विचारेल, हे होतंच. भाऊ काउंटरसमोर उभा असतो, हातात स्वतःचं कार्ड असतं, आणि आतला माणूस मान वाकडी करून मला विचारतो "यांचं नाव काय?" मी काहीच बोलत नाही, अर्धं पाऊल मागे सरकते आणि भावाकडे बघते. मग त्या माणसालाही भावाकडेच बघावं लागतं. भांडण नाही, भाषण नाही, आणि बहुतेक वेळा पुढचा प्रश्न बरोबर माणसाला जातो.

तक्रार केली तर माझ्या मुलाला त्रास देतील अशी भीती वाटते

भीती खोटी नाही, कृपया तुम्हाला कोणी "घाबरू नका हो" म्हणून उडवून लावू देऊ नका. पण गप्प बसण्यात पण धोका आहे. मधला रस्ता असा की पहिली पायरी बोलून, दुसरी लिहून, तिसरी त्यांच्या वरच्या माणसाकडे, आणि प्रत्येक पायरीला तारीख टाकायची. माणसावर न घसरता घटनेवर बोलायचं, अमुक तारखेला अमुक वाजता असं झालं. दुसऱ्या घरांनाही तोच त्रास असेल तर सगळ्यांनी मिळून एक पत्र द्या, एकट्या पालकाला कटकट्या ठरवणं सोपं असतं, बारा पालकांना नाही. मारहाण किंवा लैंगिक छळाची शंका असेल तर मात्र पायऱ्याबियऱ्या काही नाहीत, आधी मुलाला तिथून काढायचं आणि थेट पोलिसात किंवा संरक्षणाचं काम करणाऱ्या यंत्रणेकडे जायचं.

छळ होतोय हे कळणार कसं?

अचानक बदल. आवडीच्या जागी जायला नकार, झोप उडणं, परत अंथरूण ओलं करणं, ठराविक माणूस आला की अंग आखडून घेणं, कारण सांगता न येणाऱ्या जखमा. अशा माणसांवर छळाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो आणि करणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो. यावर एक उपाय लहानपणापासूनचा आहे, शरीराच्या अवयवांची खरी नावं शिकवा, कपडे बदलताना, आंघोळ घालताना परवानगी विचारा, आणि त्याने नकार दिला तर जिथे जिथे शक्य आहे तिथे तो नकार ऐका. दिवसभर ज्याच्या नकाराला कोणी किंमत देत नाही त्याने नेमक्या धोक्याच्या वेळी ठामपणे नकार द्यावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

दवाखान्यात "हे त्याच्या कंडिशनमुळेच आहे" म्हणतात, काय करायचं?

हे इतकं होतं की डॉक्टरी भाषेत त्याला वेगळं नाव पण आहे. डोकं आपटायला लागला की वागणुकीचा प्रॉब्लेम, खरं कारण निघतं दाढ किंवा कान. जेवण सोडलं की हट्ट, खरं कारण निघतं अॅसिडिटी किंवा बद्धकोष्ठ. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, "हाच त्रास अपंगत्व नसलेल्या माणसाला झाला असता तर तुम्ही कुठल्या तपासण्या केल्या असत्या?" आणि मग त्या करायला सांगा. डाऊन सिंड्रोम असेल तर हृदय आणि थायरॉइड तपासलेलं असलंच पाहिजे, जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो. चाळिशीनंतर विसरायला लागला तर तेही अंगावर काढू नका, या लोकांमध्ये अल्झायमर लवकर येतो.

सज्ञान झाल्यावर गार्डियन व्हावंच लागतं का?

बऱ्याच ठिकाणी पालकांना हा एकच रस्ता सांगितला जातो, सही करा, झालं. पण पूर्ण गार्डियनशिप म्हणजे कुठे राहायचं, कोणाशी बोलायचं, पैशाचं काय करायचं, सगळ्यावरचा त्याचा हक्क कागदोपत्री दुसऱ्याकडे जाणं, आणि एकदा गेला की परत मिळवणं महाकठीण.

दुसरा रस्ता आहे, आधार घेऊन निर्णय घेणं. माणूस आपल्या विश्वासाची दोन-तीन माणसं निवडतो, ती माणसं त्याला समजावतात, पर्याय सोपे करून दाखवतात, पण शेवटचा निर्णय त्याचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९९६ मध्येच यासाठी कायदा केला. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या जेनी हॅच हिला डाऊन सिंड्रोम आहे, तिला तिच्या मनाविरुद्ध ग्रुप होममध्ये, म्हणजे स्टाफ चालवत असलेल्या अपंग लोकांच्या घरात, ठेवलं होतं, फोन आणि लॅपटॉपसुद्धा काढून घेतला होता, ती कोर्टात लढली आणि २०१३ मध्ये ज्या मित्रांकडे राहायचं होतं त्यांच्याकडे राहायला गेली. पेरूने २०१८ मध्ये कायदा बदलून अपंगत्वामुळे सज्ञान माणसाचे निर्णयाचे हक्क काढून घेणंच बंद केलं. या सगळ्याच्या मुळाशी संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे, २००६ मध्ये मंजूर झालेला, त्याचं कलम १२ सांगतं की कायद्यापुढे प्रत्येकाची पत सारखी आणि आधार लागत असेल तर तो देणं सरकारचं काम.

काहींना खूपच जास्त आधार लागतो, हे मान्य. बँकेच्या कामापुरतं किंवा ऑपरेशनच्या संमतीपुरतं कायद्याने काहीतरी घ्यावं लागू शकतं. तेव्हा वकिलाला विचारा की कमीत कमी काय घेऊन भागेल. सगळं एकदम घेऊ नका.

संस्थेत ठेवणं जास्त सुरक्षित नाही का?

दमलेल्या आईबापांना असं वाटणं साहजिक आहे आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नये. पण इतिहास बघा. विलोब्रुक चार हजारांसाठी बांधलेली संस्था होती, तिथे सहा हजारांपर्यंत लोक कोंबलेले होते. १९७२ मध्ये तिथून नुकत्याच काढून टाकलेल्या एका डॉक्टरने हेराल्डो रिव्हेरा या टीव्ही पत्रकाराला आत जायला मदत केली आणि उघड्या अंगाची, घाणीत बसलेली मुलं लोकांनी टीव्हीवर पाहिली. मी मघाशी सांगितलेले बर्नार्ड कॅराबेलो त्या कार्यक्रमात स्वतः बोलले, बाहेर आल्यावर त्यांनी न्यूयॉर्क राज्यात अपंग लोकांची स्वतःची संघटना उभी करायला पुढाकार घेतला. विलोब्रुक १९८७ मध्ये बंद झाली.

दुसरी गोष्ट लोइस कर्टिसची. जॉर्जिया राज्यातल्या हॉस्पिटलमध्ये तिला ठेवलेलं होतं, डॉक्टर म्हणत होते ही बाहेर राहू शकते, तरी सोडत नव्हते. ती कायदेशीर मदत देणाऱ्या वकिलांना फोन करकरून एकच विचारायची, मला इथून कधी बाहेर काढणार. केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि १९९९ मध्ये निकाल लागला की गरज नसताना माणसाला असं वेगळं डांबून ठेवणं हा भेदभाव आहे. लोइस पुढे चित्रकार म्हणून जगली. एवढ्या मोठ्या निकालाची सुरुवात त्या फोनपासून झाली.

छोटं घर असलं म्हणजे संस्था नाही असंही समजू नका. चार जणांच्या घरात पण दिवे कधी बंद करायचे, पाहुणे कधी यायचे, टीव्हीवर काय लावायचं हे सगळं स्टाफच ठरवत असेल तर ती छोटी संस्थाच झाली. जागा बघायला जाल तेव्हा तिथे राहणाऱ्यांना विचारा, "तुम्ही शेवटचं कशाला नाही म्हणालात, आणि मग काय झालं?"

सपोर्ट सर्कल म्हणजे काय?

त्या माणसाला जवळची असलेली पाच-सात माणसं ठराविक काळाने भेटतात, तो मध्ये, आणि विषय एकच, त्याचं आयुष्य कसं पुढे न्यायचं. ही पद्धत कॅनडात ज्युडिथ स्नो यांच्याभोवती उभी राहिली. त्यांचं अपंगत्व शारीरिक होतं, १९८० च्या सुमारास त्या संस्थेत अडकल्या होत्या, तब्येत ढासळत चालली होती, तेव्हा मार्शा फॉरेस्ट आणि इतर मित्र एकत्र आले आणि त्यांना घरी राहून मदतनीस ठेवता येतील अशी सरकारी मदत मिळवून दिली. नंतर ही कल्पना विकासात्मक अपंगत्व असलेल्यांसाठी सगळीकडे वापरली गेली.

यातलं मर्म असं की सगळी माणसं पगारी नकोत. खूप अपंग मोठ्या माणसांच्या आयुष्यात आई-वडील सोडले तर उरलेले सगळे पैसे घेऊन येणारेच असतात. थेरपिस्ट बदलतो, केअरटेकर सोडून जातो, आणि ओळखीचं कोणी उरत नाही. म्हणून सर्कलमध्ये शाळेतला जुना मित्र, गाणं आवडणारा शेजारी, चुलत बहीण अशी माणसं हवीत. लोक नाही म्हणतील असं वाटतं पण "मदत करशील का" असं मोघम विचारलं की लोक घाबरतात, "महिन्यातून एकदा त्याला मॅच बघायला नेशील का, त्याला तू आवडतोस" असं विचारलं की बहुतेक हो म्हणतात.

आमच्यानंतर काय?

रात्री झोप उडवणारा प्रश्न. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं, आता साठीच्या आसपास आहे. आनंदाचीच गोष्ट, पण त्याचा अर्थ मुलं आता आईबापांच्या मागे राहणार.

पैशाची आणि मृत्युपत्राची सोय जाणकार वकिलाकडून करून घ्या, त्यात इथे शिरत नाही. पैशाइतकीच महत्त्वाची एक वही असते, तिला कायद्याचं बंधन नसतं. त्यात त्याची औषधं, फिट आल्यावर काय करायचं हे तर लिहाच, पण हेही लिहा की तो कुठल्या कुशीवर झोपतो, दाढी कोणाकडून करून घेतो, रागावण्याआधी त्याचा चेहरा कसा होतो, त्याला कोणाची आठवण येते. आणि तुम्ही धडधाकट असतानाच त्याला चार दिवस, मग आठ दिवस, तुमच्याशिवाय राहायची सवय होऊ द्या. घरातला मृत्यू, नवीन घर आणि नवीन माणसं, हे सगळं एकाच आठवड्यात कोणावरही येऊ नये.

बाकीच्या भावंडांनी जबाबदारी घ्यायलाच हवी का?

त्यांना विचारा. खरंच विचारा, गृहीत धरू नका. काहीजण आनंदाने घेतील, काहीजण पैशाचं बघतील पण सोबत राहणार नाहीत, आणि तेही चालतं. लहान असताना त्यांना फक्त त्यांच्यासाठी असा वेळ द्या, राग येतो म्हणाले तर ऐकून घ्या.

नोकरी शक्य आहे का?

हो. जुनी पद्धत अशी होती की आधी वर्षानुवर्षं ट्रेनिंग द्यायचं, "तयार" झाला की नोकरी, आणि तो दिवस कधी यायचाच नाही. आता चांगले लोक उलट करतात, आधी खऱ्या जागी खरी नोकरी आणि तिथेच सोबत राहून शिकवणारा जॉब कोच, जो हळूहळू बाजूला होतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २००२ मध्ये फक्त अपंग लोकांनाच कामाला बसवणारं शेवटचं वेगळं वर्कशॉप बंद केलं. फक्त एक बघा, कामाचे पैसे इतरांइतके मिळतायत ना. "त्याचा वेळ जातो" हा पगार नाही.

पालकांचे गट आणि ऑटिस्टिक मोठ्या माणसांचे गट एकमेकांशी का भांडतात?

पालक म्हणतात, माझ्या मुलाला चोवीस तास आधार लागतो, तुम्ही लिहू शकता म्हणून बोलता. ऑटिस्टिक लोक म्हणतात, आमच्या लहानपणी जे उपचार म्हणून केलं त्याचा आम्हाला त्रास झाला, ते तुम्ही परत करताय. दोन्ही बाजूंच्या मागे खरी दुखणी आहेत. पण माझं मत विचाराल तर पालकांनी ऐकायला जास्त शिकायला हवं, कारण जे मूल आज सांगू शकत नाही त्याला आतून काय होत असेल याचा सगळ्यात जवळचा अंदाज त्या मोठ्या माणसांकडूनच मिळतो. गोंगाटात कान का झाकतो, हात का फडफडवतो, ते थांबवल्यावर काय वाटतं, हे मला पुस्तकांपेक्षा त्यांच्याकडून जास्त कळलं.

आम्हाला आमच्या भागात गट सुरू करायचाय, कुठून सुरुवात करू?

तीन घरं पुरेत. नाव, लोगो, नोंदणी नंतर बघा. पहिल्या भेटीला एकच छोटा आणि सुटण्यासारखा प्रश्न घ्या, उदाहरणार्थ जवळच्या बागेच्या दारातून व्हीलचेअर जात नाही. सुटला की लोक टिकतात, सुरुवातीलाच धोरण बदलायला निघालात तर तिसऱ्या भेटीला कोणी येत नाही. मीटिंगच्या वेळी मुलांकडे बघायला दोघं-तिघं आळीपाळीने ठेवा, नाहीतर आया येऊच शकत नाहीत.

आणि ज्यांच्यासाठी गट आहे त्यांना बाजूच्या खोलीत खेळायला बसवून ठेवू नका. निदान दोन जण मुख्य टेबलाशी हवेत, विषय चित्रांत किंवा सोप्या वाक्यात आधीच त्यांच्या हातात दिलेले, आणि मत द्यायला हिरवं आणि लाल कार्ड. लाल कार्ड वर आलं की चर्चा तिथेच थांबवायची, का ते विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मीटिंग अर्धा तास लांबेल, लांबू द्या.